पळसगाव ते मोन्तोने

मंडळी, आज ऐकायला कोण येणार याची मला धाकधूकच होती. दहा जुलै म्हणजे ऐन लावणीचे दिवस. चिखलणी झालेली, आवण काढायला माणूस मिळत नाही, वर धो धो पाऊस. अशा दिवशी इतिहासाचं भाषण ठेवणारा माणूस शहाणा नव्हे, असं आमच्या घरातूनच मला ऐकवण्यात आलं. पण तारीख बदलणं माझ्या हातात नव्हतं. १९४४ साली याच तारखेला आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा एक मुलगा इटलीतल्या एका टेकडीवर मारला गेला. नाईक यशवंत घाडगे. वय वर्षं बावीस.

आपल्याकडे त्यांना यशवंतराव म्हणतात. माणगावच्या तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. मानाचं माणूस, म्हणून ‘राव’ लावतात, बरोबरच आहे. मी मात्र आज नुसतं ‘यशवंत’ म्हणणार आहे. माझे शाळेतले पहिले विद्यार्थी आज पन्नाशीला आलेत. माझ्या डोळ्यांसमोर बावीस वर्षांचा मुलगा आला की तो ‘राव’ होत नाही. कोणी याचा राग मानू नये.

पुतळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी शिक्षक असताना पाचवी-सहावीची मुलं घेऊन एकदा तिथे गेलो होतो. एका मुलाने विचारलं, “सर, हे शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते का?” दुसरा म्हणाला, “येडा आहेस का, बंदूक बघ ना. पाकिस्तानच्या लढाईतले असतील.” मी म्हटलं, हे इंग्रजांच्या सैन्यात होते, जर्मनांशी लढले, इटलीत. मुलं गप्प झाली. मग पहिला मुलगा म्हणाला, “पण इंग्रज तर आपले शत्रू होते ना?” त्या दिवशी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन सगळ्यांना वडापाव खायला नेलं. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. आजचं भाषण हे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे म्हणा. तो आता कुठे आहे मला माहीत नाही. बहुतेक पनवेलला कंपनीत असेल.

आधी घडलं काय, ते सांगतो.

दुसरं महायुद्ध. ४ जून १९४४ ला रोम दोस्तांच्या हाती आलं. जर्मन सेनापती केसेलरिंग माघार घेत होता, पण पळत नव्हता. उत्तरेकडे पुढची मोठी संरक्षणफळी तयार होत होती. तिला वेळ मिळावा म्हणून तो प्रत्येक डोंगरावर, प्रत्येक वळणावर थोडी माणसं आणि मशीनगन ठेवून मागे सरकत होता. त्या लोकांनी एवढंच करायचं, की येणाऱ्याला शक्य तितका वेळ अडवून धरायचं. दोस्तांकडून तिथे आपल्या तीन डिव्हिजन लढल्या: चौथी, आठवी आणि दहावी. पन्नास हजारांवर हिंदी सैनिक. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पेरुजा शहराच्या उत्तरेला, दहावी डिव्हिजन डोंगर चढत होती. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती आणि त्या पलटणीत यशवंत होता.

मराठा पलटणीला ते डोंगर पाहून काय वाटलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करतो. माझ्याकडे त्या मुलखाचे फोटो आहेत. गावं टेकडीच्या माथ्यावर, भोवती तट, खाली उतारावर शेतं. रायगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला हे अगदीच परकं वाटायला नको. फरक हवेचा. आपल्याकडे जुलैत डोंगर हिरवेगार आणि धुक्यात बुडालेले. तिकडे जुलै हा कडक उन्हाळा. गवत पिवळं पडलेलं, गहू कापलेला, आडोशाला फार काही नाही. खालून वर चढणारा माणूस वरच्याला स्वच्छ दिसतो.

१० जुलैला त्याच्या कंपनीने एका भक्कम ठाण्यावर चाल केली. यशवंत नाईक होता, म्हणजे दोन फिती. त्याच्या हाताखाली एक सेक्शन, जेमतेम दहा माणसं. पलटणीत ‘माझी माणसं’ म्हणावं इतकीच. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. एकटा तो उभा राहिला.

पुढचं सरकारी कागदात आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, देताना लंडन गॅझेटमध्ये जी हकिगत छापतात, ती. १९४४ च्या नोव्हेंबरात ती छापली गेली. बरोबर यायला आता कोणी उरलेलं नाही हे पक्कं ठाऊक असताना तो मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गेले. मग टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, त्या टोळीतल्या आणखी एकाला गोळी घातली. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारून ठार केलं. मग दूर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने घेतलेल्या त्याच ठाण्यात त्याने प्राण सोडला.

संपलं. एवढंच.

यशवंतच्या आयुष्यातला हा सगळ्यात बारकाईने नोंदलेला काळ आहे. किती मिनिटांचा असेल? बॉम्ब, मग धाव, मग गोळ्या, मग दस्ता. या काही मिनिटांतली प्रत्येक हालचाल सांगता येते, कुठला हात कुठे होता इथपर्यंत. आणि त्याआधीची बावीस वर्षं? १६ नोव्हेंबर १९२१ हा जन्म. पळसगाव. लग्न झालेलं. बस. आवाज कसा होता, पोहायला येत होतं का, भजनात बसायचा का, ताडगोळे आवडायचे का, कोणाशी भांडण होतं. यातलं गॅझेटमध्ये काही नाही. असायचं कारणही नाही. पण मग आपण आठवण कोणाची काढतो? माणसाची, की त्या काही मिनिटांची?

आमच्या शाळेत एका वर्षी स्नेहसंमेलनात हा प्रसंग बसवला होता. लाकडी बंदूक, पुठ्ठ्याची मशीनगन, मागे ढोल. दस्त्याचा प्रसंग आला तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू? घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. चार माणसं मेली होती, त्यातली दोन बंदुकीच्या दस्त्याने. तीही कुठल्या तरी गावची असणार. इटलीत फुता नावाच्या खिंडीत जर्मन सैनिकांची मोठी दफनभूमी आहे, तीस हजारांहून जास्त थडगी. ते चौघे तिथे आहेत की आणखी कुठे, ते शोधायची माझी ऐपत नाही. यशवंतचं शौर्य यामुळे उणं होत नाही. समोर मशीनगन चालू असताना माणूस काय करतो, हे आपण खुर्चीत बसून ठरवू नये. पण त्यावर टाळ्या वाजवायच्या का, ते मात्र आपण ठरवू शकतो. दुसऱ्या वर्षी तो प्रवेश मी बसवू दिला नाही. काही पालक नाराज झाले. एकाने तर मला तोंडावर ‘गांधीवादी’ म्हटलं. शिवी म्हणून म्हटलं असावं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. इंग्रज शत्रू होते ना?

होते. आणि आपल्याच जिल्ह्यात त्यांच्याशी लढाई चालू होती. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ चं. माथेरानचा भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाला. मुंबईला वीज नेणारे खांब पाडायचे, कारखान्यांची वीज तोडायची, हे त्याच्या पथकाचं काम. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. भाई तिशीचा होता.

आता तारखा बघा. जानेवारी १९४३ आणि जुलै १९४४. अठरा महिन्यांचं अंतर. एका जिल्ह्यातले दोन तरुण. एकाला इंग्रजांच्या पोलिसांनी मारलं, दुसऱ्याला इंग्रजांच्या राजाने सगळ्यात मोठं पदक दिलं. आपण दोघांनाही हुतात्मा म्हणतो आणि दोघांच्या पुतळ्यांना हार घालतो. पण एका श्वासात दोन्ही नावं घेताना आपण जरा अडखळतो. मी तरी अडखळतो.

काही लोक सोपा मार्ग काढतात. ते म्हणतात, यशवंत हिटलरविरुद्ध लढला, फॅसिस्टांविरुद्ध लढला, म्हणजे तोही स्वातंत्र्यासाठीच लढला. ऐकायला छान वाटतं. पण हे आपण त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे. १९३९ च्या सप्टेंबरात हिंदुस्तान युद्धात उतरला असं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केलं, तेव्हा इथल्या एकाही निवडून आलेल्या पुढाऱ्याला विचारलं नव्हतं. त्यावरूनच काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. जिथे पुढाऱ्यांना विचारलं नाही तिथे पळसगावला कोण विचारणार? दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, भाडोत्री होता, पोटासाठी गेला. हेही त्याच्या तोंडी घातलेलंच वाक्य, फक्त कडू.

कोकणातल्या घरांना मी जरा ओळखतो. इथल्या भातशेतीच्या तुकड्यांवर सहा महिने पोट भरतं. उरलेल्या सहा महिन्यांसाठी घरातला एक माणूस बाहेर लागतो. एक भाऊ गिरणीत, एक गोदीत किंवा बोटीवर, एक पलटणीत. घर चालतं ते मनीऑर्डरवर. पोरगा सतरा-अठराचा झाला की घरात चर्चा एवढीच, मुंबै की पलटण. त्या काळी भरती झालेले पंचवीस लाख हिंदी सैनिक सक्तीने गेले नव्हते, हे खरं. पण ‘स्वखुशीने’ हा शब्द मला पुरत नाही. महिन्याच्या महिन्याला घरी पैसे जातील, बहिणीचं लग्न होईल, अंगावर गणवेश येईल, गावात मान मिळेल, शिवाय सतराव्या वर्षी घराबाहेर पडायची जी खुमखुमी असते ती. सगळं मिळून माणूस जातो. त्यातलं किती टक्के देशप्रेम आणि किती टक्के भात, हे मोजायचं यंत्र निघालेलं नाही.

आणि एकदा गेला की तो राजासाठी लढत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते, ते म्हातारपणी ओट्यावर बसून सांगायचे. जॉर्ज बादशहा कोण, कुठला, त्यांना देणंघेणं नव्हतं. “शेजारचा काय म्हनंल?” एवढीच भीती. शेजारचा म्हणजे खंदकातला शेजारचा. पलटणीत शेजारचा बहुतेक आपल्याच मुलखातला असायचा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा. आपण मागे राहिलो तर सुटीवर तो गावी जाऊन सांगेल. गावभर होईल. इंग्रज अधिकाऱ्यांना ही गोष्ट चांगली कळलेली होती, म्हणून पलटणी अशा मुलखामुलखाच्या बांधल्या.

यशवंतच्या पलटणीला जुना इतिहास होता. १९२२ च्या फेररचनेआधी तिचं नाव ११० वी मराठा. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या डिसेंबरपासून, इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली. एप्रिल १९१६ अखेर तिथल्या सगळ्या फौजेने शरणागती पत्करली आणि माणसं तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून पायी गेली. पुष्कळ परत आली नाहीत. नंतर १९४१ मध्ये हीच पलटण आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरांवर इटालियन फौजेशी लढली. तेव्हा तिचा कमांडर होता डेनिस रीड. पुढे तोच रीड दहाव्या डिव्हिजनचा सेनापती झाला. म्हणजे १० जुलैला टायबरच्या खोऱ्यात जे मराठे चढत होते, त्यांच्या वरचा जनरल त्यांना नावानिशी नाही तरी जातकुळीने ओळखत होता. डोंगरावर कोणाला पाठवायचं हे त्याला विचारावं लागत नसणार.

आता मी जरा दुसऱ्याच माणसाकडे वळतो. नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातला. पाचव्या मराठाच्याच पहिल्या पलटणीतला शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतली लढाई संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, सेनिओ नदी ओलांडताना त्याच्या बरोबरचे सगळे पडले. दोन जखमी जोडीदारांना त्याने एकेक करून नदीच्या पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जागेतून पलीकडे पोचवलं. मग परत येऊन मशीनगनची ठाणी मोडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकून दिली, हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून मराठा पलटणीची आरोळी ठोकत त्याने बाकीच्यांना हात करून बोलावलं. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस.

नामदेवची जन्मतारीख आहे १८ नोव्हेंबर १९२१. यशवंतची १६ नोव्हेंबर १९२१. दोन दिवसांचं अंतर. त्या काळच्या खेड्यांतल्या जन्मतारखा किती खऱ्या हा प्रश्न आहेच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना मनाने लिहिलेली तारीख आमच्याही पिढीत चालत होती. पण कागदावर ते दोघे जुळ्या भावांसारखेच. एकच रेजिमेंट, एकच देश, एकच पदक, मधे नऊ महिने. नामदेव परत आला. स्वतंत्र भारत पाहिला, संसार केला, १९८४ मध्ये गेला. बासष्ट वर्षं.

यशवंतचं काय गेलं हे मला नामदेवकडे पाहिल्यावर कळतं. मधली चाळीस वर्षं गेली. पंधरा ऑगस्ट गेला, संयुक्त महाराष्ट्र गेला, कोयनेचा भूकंप गेला, बहात्तरचा दुष्काळ गेला. गावात पहिला दिवा लागला तो गेला. पेन्शनच्या रांगेत उभं राहून कारकुनाला शिव्या घालणं गेलं. ओट्यावर बसून नातवंडांना त्याच त्या गोष्टी सांगून कंटाळा आणणं गेलं. माझ्या आजोबांच्या त्या भावाने आम्हाला बसऱ्याच्या गोष्टी सांगून इतका वैताग आणला होता की आम्ही त्यांना पाहिलं की पळायचो. आज वाटतं, तो वैताग मोठा ठेवा होता.

यशवंतचं पदक व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्याच्या पत्नीला देण्यात आलं. ती बाई किती वर्षांची असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा. त्यांच्याविषयी मी यापेक्षा जास्त बोलणार नाही. त्या काही सार्वजनिक व्यक्ती नव्हत्या, लोकांनी त्यांना तसं केलं.

बरं, यशवंतची समाधी कुठे आहे? कुठेच नाही. त्याचं नाव आहे इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर. तिथे ज्यांचं थडगं सापडलेलं नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत. इंग्रज, कॅनेडियन, हिंदी, सगळे. इटलीत आपले जे मेले त्यातल्या कित्येकांना अग्नी दिला गेला, त्यांच्या नावांची वेगळी स्मारकं आहेत. सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर पाचशेहून जास्त नावं, फोर्ली इथे आणखी. इटलीत एकूण ५,७८२ हिंदी सैनिक मेले, असा आपल्या सरकारने दिलेला आकडा आहे. चाळीस दफनभूम्यांमध्ये त्यांची नोंद. तिथल्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी फौजेतल्या सैनिकांचे.

आता याच्याशेजारी आपल्या गावातला दगड ठेवून बघा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत एक छोटी संगमरवरी पाटी बसवली. चावडीच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीत. तुम्ही पाहिली असेल. नसेल तर चुन्याखाली गेली असेल. मजकूर ठरलेला: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथे मेलेल्यांचा आकडा सेहेचाळीस आहे. एका गावातून सेहेचाळीस.

पाटीवर आकडा असतो. नावं नसतात. परक्या देशात संगमरवरावर नाव, आणि ज्या गावात तो रांगायला शिकला तिथे नुसता आकडा. इंग्रजांनी नावं कोरली नाहीत याचा मला राग येतो. पण नंतर इतक्या वर्षांत आपणही कोरली नाहीत. तो खडू आपल्याच हातात होता.

आणि जिथे लढाई झाली त्या लोकांनी काय केलं? मोन्तोने हे टायबरच्या वरच्या खोऱ्यातलं टेकडीवरचं गाव, पेरुजाच्या परिसरातलं. तिथल्या ग्रामसंस्थेने आणि इटलीतल्या काही युद्ध-इतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये यशवंतचं स्मारक उभं केलं. भारताच्या राजदूत त्या कार्यक्रमाला होत्या. स्मारक म्हणजे पुतळा नाही, स्तंभ नाही. सूर्यघटिका आहे. सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ओम्नेस सुब एओदेम सोले. आपण सगळे एकाच सूर्याखाली.

ही बातमी वाचली तेव्हा आधी मला आनंद झाला आणि मग हसू आलं. आपल्याकडे दहा जुलैला सूर्य असतो कुठे? त्यांच्याकडे दहा जुलैला त्या घड्याळाची सावली सुरीसारखी स्पष्ट पडत असेल. त्याच वेळी पळसगावात इरलं डोक्यावर घेऊन बाया चिखलात वाकलेल्या, आणि दुपार झाली की संध्याकाळ हे भुकेवरून ठरवायचं. सूर्य एकच हे खरं, पण तो कोणाला कधी दिसतो त्यात बराच फरक आहे. तरीही त्या गावकऱ्यांना मी मनापासून नमस्कार करतो. त्यांच्या डोंगरावर आलेला परका मुलगा, परक्या राजाच्या गणवेशात, परक्या भाषेत आरोळी देणारा. त्याला त्यांनी पाहुणा न म्हणता आपल्या गावात कायमची जागा दिली. आणि गणेशोत्सवात मुंबईहून येणारे आपले चाकरमानी माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तीन तीन तास अडकतात, गाडीतून उतरून पाय मोकळे करतात, भेळ खातात. जवळच तहसील कचेरी आहे, तिच्या आवारात कोण उभा आहे, कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगणारा तरी कुठे आहे?

आता शेवटी माझ्या कामाचं. मी निवृत्त झाल्यापासून एक उद्योग लावून घेतलाय. राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या नोंदवह्यांत मेलेल्या सैनिकांच्या नावापुढे पुष्कळदा एक ओळ असते. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, कुलाबा. ती ओळ इंग्रजीत आहे आणि गावांची नावं इंग्रज कारकुनाने कानाला येतील तशी लिहिलेली आहेत. त्यातून खरं गाव काढायचं म्हणजे कोडं सोडवणं आहे. आमच्या वाडीतली दहावी-बारावीची पोरं यात तरबेज आहेत. मोठ्याने वाचतात, उलटसुलट उच्चार करून बघतात, आणि मग एखादी मुलगी ओरडते, “सर, हे आमच्या मामाचं गाव!” त्यानंतर त्या गावात जायचं, त्या आडनावाचं घर शोधायचं, आणि ओटीवर बसून विचारायचं की तुमच्याकडे कोणी लढाईवर गेलेला परत आला नव्हता का. कधी लोक चहा देतात, कधी जमिनीच्या भानगडीसाठी आलोय असं समजून दार लावून घेतात. एका घरी म्हातारीने आत जाऊन देव्हाऱ्यातून एक गोल पदक आणलं. हळदकुंकवाने इतकं माखलेलं की राजाचा चेहरा दिसत नव्हता. ती त्याला ‘आमचा आबा’ म्हणत होती.

तर माझं एवढंच मागणं आहे. घरी गेलात की पेट्या उघडा. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देव्हाऱ्याचा खण, गादीखालची पिशवी. डिस्चार्जचं पुस्तक असेल, मनीऑर्डरची पावती असेल, गणवेशातला फोटो असेल, पोस्टकार्ड असेल. पदक आणू नका, ते घरीच राहू द्या. कागद तेवढे आणा, आम्ही नक्कल करून त्याच दिवशी परत देतो. दर गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर मी इथे खालच्या खोलीत बसतो. लावणी उरकल्यावर या, घाई नाही. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर कागदाआधी त्यांना घेऊन या. येताना त्यांचा चष्मा विसरू नका. अक्षर फार पुसट असतं.